आज्ञाचक्र, पिनियल ग्रंथी आणि डीएमटी: यातलं खरं किती?

जिज्ञासू_सातारा

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात वाचनालयात "मेंदू आणि आध्यात्मिक अनुभव" या विषयावर तासभर बोलायचं आहे. श्रोते साठीच्या आसपासचे, बरेचसे नियमित ध्यान करणारे. सगळ्यांच्या मोबाईलवर हे चार दावे येऊन गेलेत, त्यामुळे प्रश्न नक्की येणार:

१. आज्ञाचक्र म्हणजेच मेंदूतली पिनियल ग्रंथी, आणि समाधीत ती डीएमटी हे भास घडवणारं रसायन सोडते.
२. सिलोसायबिन (काही अळंब्यांतलं भास घडवणारं द्रव्य) दिल्यावर माणसांना खरा ईश्वरी अनुभव येतो, हे अमेरिकेत सिद्ध झालंय.
३. वेदांमधला सोम म्हणजे भूल आणणारी अळंबी.
४. जोरजोरात श्वास घेतला की मेंदूत ऑक्सिजन वाढतो आणि तेच रसायन आपोआप सुटतं.

यातलं काय टिकतं, काय नाही? श्रोत्यांची श्रद्धा दुखवायची नाही, पण चुकीचंही सांगायचं नाही. आकडे मिळाले तर फार बरं.

रेणूबंध

पहिल्या दाव्याचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवा, त्याहून सोपं काही नाही.

डीएमटी शिरेतून देऊन मोजमाप करण्याचं मोठं काम १९९० ते १९९५ या काळात न्यू मेक्सिको विद्यापीठात रिक स्ट्रासमन यांनी केलं. तीव्र अनुभव देणारी त्यांची मात्रा वजनाच्या किलोमागे ०.४ मिलिग्रॅम होती. म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४ मिलिग्रॅम, तीही अर्ध्या-एक मिनिटात. आता पिनियल ग्रंथी बघा. तुरीच्या दाण्याएवढी, वजन साधारण १५० मिलिग्रॅम. तिचं नेहमीचं काम मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक बनवण्याचं, आणि ते ती दिवसाला जेमतेम ३० मायक्रोग्रॅम बनवते. तिनं ते काम सोडून तेवढ्याच वेगानं नुसतं डीएमटी बनवलं, तरी २४ मिलिग्रॅम व्हायला ८०० दिवस लागतील. शिवाय साठवून ठेवायची सोय नाही, कारण मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम डीएमटी काही मिनिटांत मोडून टाकतं. आणि २४ मिलिग्रॅम म्हणजे त्या ग्रंथीच्या स्वतःच्या वजनाचा जवळजवळ सहावा भाग!

याचा अर्थ शरीरात डीएमटी नसतंच असा नाही. ते सूक्ष्म प्रमाणात असतं. २०१३ साली उंदरांच्या पिनियल ग्रंथीच्या द्रवात ते सापडलं, तेव्हापासून "सिद्ध झालं" असा गाजावाजा सुरू झाला. पण २०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या प्रयोगात ते उंदरांच्या मेंदूच्या बाह्यकातही, म्हणजे बाहेरच्या थरातही मिळालं, आणि पिनियल ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांतही मिळालं. हृदय बंद पाडल्यावर त्याचं प्रमाण वाढलं, ग्रंथी असो वा नसो. थोडक्यात, जो प्रयोग दाव्याच्या बाजूनं सांगितला जातो, तोच प्रयोग पिनियलला बाजूला काढतो. आणि हे सगळं उंदरांचं आहे, वाढ तर मरणाऱ्या उंदरांतली. ध्यानाला बसलेल्या माणसाच्या मेंदूतलं डीएमटी मोजल्याचा पुरावा कोणी दाखवत नाही.

आज्ञाचक्र आणि पिनियलची सांगड आपल्या परंपरेतली नाही, हे मात्र श्रोत्यांना आवर्जून सांगा. १६व्या शतकातला षट्चक्रनिरूपण हा ग्रंथ आज्ञाचक्र भुवयांच्या मध्ये सांगतो, दोन पाकळ्यांचं, 'ह' आणि 'क्ष' या अक्षरांचं. त्यात ग्रंथीचा उल्लेख नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं इतकं तपशिलानं वर्णन आहे, तिथंही नाही. पिनियल हे आत्म्याचं आसन, हे १७व्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं म्हटलं. तिला तिसऱ्या डोळ्याशी जोडून लोकांपर्यंत नेलं ते थिऑसॉफीवाल्या मॅडम ब्लावाट्स्की यांनी, १८८८ मध्ये. डीएमटीची भर तर त्यानंतर शंभर वर्षांनी पडली. म्हणून "आपल्या ऋषींना हे ठाऊक होतं" असं म्हणताना आपण ऋषींच्या तोंडी युरोपातलं वाक्य घालतोय.

प्रमाणवेडा

दुसऱ्या दाव्याबद्दल. हे संशोधन मोलाचं आहे, म्हणूनच ते नीट सांगायला हवं.

सुरुवात २० एप्रिल १९६२ च्या गुड फ्रायडेला झाली. बोस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलमध्ये वॉल्टर पान्के यांनी धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांना बसवलं. १० जणांना ३० मिलिग्रॅम सिलोसायबिन, १० जणांना निकोटिनिक ॲसिड. निकोटिनिक ॲसिडनं कातडी लाल होऊन गरम वाटतं, म्हणून कोणाला काय मिळालं ते कळणार नाही अशी कल्पना. पण ती लाली थोड्या वेळात ओसरली आणि मग सगळ्यांनाच सगळं कळून चुकलं. औषध घेतलेल्यांपैकी एकाला तर बाहेर धावत गेल्यावर धरून आणून क्लोरप्रोमाझिन या शांत करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन द्यावं लागलं. ही गोष्ट मूळ अहवालात नव्हती. ती १९९१ च्या पाठपुराव्यात रिक डॉब्लिन यांनी उजेडात आणली.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलँड ग्रिफिथ्स यांनी हाच प्रयोग जास्त काटेकोरपणे केला. ३६ स्वयंसेवक, ७० किलोमागे ३० मिलिग्रॅम सिलोसायबिन, तुलनेला मेथिलफेनिडेट हे तरतरी आणणारं औषध. आधी कित्येक तास बोलणं, मग दिवसभर कोचावर पडून, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, शेजारी दोन प्रशिक्षित माणसं. ३६ पैकी २२ जणांचा अनुभव प्रश्नावलीच्या निकषांवर "पूर्ण गूढ अनुभव" ठरला, मेथिलफेनिडेटनंतर फक्त ४ जणांचा. हे आकडे मोबाईलवर फिरतात. न फिरणारा आकडा असा: इतकी काळजी घेऊनही ११ जणांना सत्रात कधी ना कधी तीव्र भीती वाटली.

आणि एक अट कोणीच सांगत नाही. निवडलेली सगळी माणसं आधीपासून प्रार्थना, ध्यान, उपासना करणारी होती. जमीन नांगरलेली होती, बी तेव्हा पडलं. शिवाय प्रश्नावलीत एकत्वाची जाणीव, काळाचं भान सुटणं, पावित्र्य, शब्दांत न मावणं याच गोष्टी विचारलेल्या. गूढवादाचं वर्णन आधी करायचं, त्यावरून प्रश्न काढायचे आणि उत्तरं जुळली की "हाच तो गूढ अनुभव" म्हणायचं, यात थोडा गोल फेरा आहेच.

व्याख्यानात एकच प्रयोग जवळून दाखवायचा असेल तर झ्युरिकचा दाखवा. तिथं १९९८ मध्ये फोलनवायडर यांच्या गटानं आधी केटान्सेरिन देऊन मग सिलोसायबिन दिलं. केटान्सेरिन हे औषध सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा २ए रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची ते चिकटण्याची जागा, अडवतं. अनुभव जवळजवळ आलाच नाही. डोपामिन अडवणाऱ्या हॅलोपेरिडॉलनं तसं झालं नाही. म्हणजे कुलूप कुठलं ते ठरलं. पुढे २०१७ मध्ये तिथंच एलएसडी या तशाच भास घडवणाऱ्या द्रव्यावर आणखी सुंदर काम झालं. प्रत्येकाला त्याच्या जिव्हाळ्याची गाणी आणि त्याच्या लेखी काहीच अर्थ नसलेली गाणी ऐकवली. एलएसडी घेतल्यावर निरर्थक गाणीसुद्धा अर्थपूर्ण, स्वतःशी नातं असलेली वाटू लागली. आधी केटान्सेरिन दिलं की ती पुन्हा निरर्थक.

माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोलाचा धागा हाच. "यात फार मोठा अर्थ आहे" ही भावना अर्थापासून सुटी होऊ शकते. ती मेंदूत वेगळी पेटते. म्हणून अनुभव खोटा ठरत नाही, पण अनुभवाची खात्री हा अनुभवाच्या सत्याचा पुरावाही ठरत नाही.

मेंदूच्या स्कॅनबद्दल एक सावधगिरी. २०१२ मध्ये लंडनला सिलोसायबिननं मेंदूच्या मधल्या भागातली, स्वतःबद्दल विचार करताना चालणारी केंद्रं शांत झालेली दिसली. त्याआधी २०११ मध्ये मुरलेल्या ध्यानसाधकांतही तीच शांत दिसली होती. यावरून "ध्यान म्हणजेच सिलोसायबिन" असं लोक म्हणतात. पण ही केंद्रं लक्ष देऊन गणित सोडवतानाही शांत होतात.

सवनकाल

सोमाबद्दल लिहितो, कारण यात दोन्ही बाजूंनी घाई होते.

अळंबीची कल्पना गॉर्डन वॉसन यांची, १९६८ ची. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली फ्लाय ॲगॅरिक. पण सोम गाळायची रीत बघा. सोमाचे अंशू, म्हणजे काड्या, पाण्यानं भिजवून फुगवतात. बैलाच्या कातड्यावर ठेवून दगडांनी ठेचतात. रस मेंढीच्या लोकरीच्या पवित्रातून, म्हणजे गाळणीतून गाळतात आणि दूध, दही किंवा सातूच्या पिठात मिसळतात. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन सवनं, म्हणजे रस काढायच्या वेळा, आणि रस त्याच दिवशी प्यायचा. आंबायला वेळच नाही, म्हणजे दारू नव्हे. सुरा वेदांमध्ये वेगळीच आहे. दगडांनी ठेचायच्या, तंतू असलेल्या काड्या हे वर्णन मऊ अळंबीला बसत नाही. शिवाय फ्लाय ॲगॅरिकमधलं मसिमॉल २ए रिसेप्टरवर काम करत नाही, ते गाबा या मेंदू शांत करणाऱ्या रसायनाच्या रिसेप्टरवर काम करतं. त्यानं गुंगी आणि भ्रम येतो, तर ऋग्वेद सोमाला 'जागृवि' म्हणतो, जागा ठेवणारा. सिलोसायबिनच्या यादीत सोम घालणं म्हणूनच चूक.

'जागृवि'मुळे बरेच अभ्यासक एफेड्रा या झुडपाकडे वळतात. त्यातलं एफेड्रिन झोप उडवतं, नाडी वाढवतं. पारशी अग्यारीत आजही यस्न विधीत होमाच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या सोमाच्या, वाळक्या काड्या वापरतात, त्या एफेड्राच्याच. डाळिंबाच्या डहाळीबरोबर धातूच्या खलात कुटून गाळलेला तो रस घोटभर असतो, त्यानं नशा येत नाही. तिसरा दावेदार हरमल ही वनस्पती. त्यात हार्मिन असतं, जे वर रेणूबंध यांनी सांगितलेलं एन्झाइम अडवतं. ॲमेझॉनच्या अयाहुआस्का या पेयात डीएमटी पोटातून पचून न जाता मेंदूपर्यंत पोचतं ते याच युक्तीनं. मात्र सोमात हरमलबरोबर डीएमटीची दुसरी वनस्पती होती असं म्हणायला काही आधार नाही. तुर्कमेनिस्तानात गोनूर या उत्खननाच्या जागी भांड्यांत एफेड्रा, खसखस, गांजा सापडल्याचं सोमाचा पुरावा म्हणून गाजलं होतं. २००३ मध्ये ते नमुने पुन्हा तपासले तर निघाली वरी.

महत्त्वाचं असं की मूळ वनस्पती ब्राह्मणकाळातच दुर्मिळ झाली होती. शतपथ ब्राह्मण सोम न मिळाल्यास काय घ्यायचं याची यादीच देतं, पार दूर्वा आणि पिवळ्या कुशापर्यंत. महाराष्ट्रात सोमयाग होतात त्यांत पानं नसलेली, चीक असलेली सोमवल्ली वापरतात. द्रव्य गेलं, विधी राहिला, आणि "अपाम सोमममृता अभूम" म्हणणाऱ्याची श्रद्धाही राहिली. अध्यात्माचा उगम एखाद्या रेणूत शोधणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

ईईजी_कक्ष

चौथा दावा सगळ्यात आधी घ्या, कारण यात इजा होते.

जोरजोरात श्वास घेतल्यानं मेंदूला ऑक्सिजन जास्त मिळत नाही, उलट कमी मिळतो. रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या श्वासातच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, तिथं भर घालायला जागा नाही. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. त्याचा दाब ४० मिलिमीटर पाऱ्यावरून २०-२५ पर्यंत खाली येतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तपुरवठा एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त घटतो. रक्त अल्कधर्मी झाल्यानं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडायलाही कचरतं. डोळ्यांपुढे उजेड, हलकं वाटणं, शरीराच्या सीमा पुसट होणं हे यातून येतं. रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं, म्हणून ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. पुढे मनगट वाकतं, बोटं ताठ होऊन अंगठा तळव्यात शिरतो. शिबिरांत याला "ऊर्जा उतरली" म्हणतात. ती टेटनी, म्हणजे स्नायूंची आकडी आहे, श्वास मंदावला की काही मिनिटांत जाते.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, काढताना आम्ही मुद्दाम ३ मिनिटं असाच श्वास घ्यायला लावतो, कारण झटक्याची प्रवृत्ती असेल तर ती उघडी पडते. म्हणून फेफरं, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, गरोदरपण यांत हा प्रकार नको. दुसरा धोका लगेच पुढे श्वास रोखण्याचा. कार्बन डायऑक्साइड घटलेला असल्यानं श्वास घ्यावासा वाटतच नाही, ऑक्सिजन मात्र संपत जातो आणि माणूस कोसळतो. पाण्यात असेल तर बुडतो. मुंग्या आल्या की थांबावं, बसावं, श्वास सोडताना घेण्याच्या दुप्पट वेळ घ्यावा. तोंडाला कागदी पिशवी लावू नये.

सिलोसायबिन, एलएसडी आणि डीएमटी ही तिन्ही आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात, हे सांगून टाका. आणि लिथियम घेणाऱ्यांत सिलोसायबिननं झटके आल्याच्या नोंदी आहेत. स्किझोफ्रेनियाचा कौटुंबिक इतिहास असलेल्यांना तर संशोधकही प्रयोगात घेत नाहीत.

जिज्ञासू_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. ८०० दिवसांचा हिशेब फळ्यावरच मांडतो. एक अडचण उरते: "मग आम्हाला ध्यानात उजेड दिसतो तो काय?" असं एखाद्या आजींनी विचारलं तर?

प्रमाणवेडा

डोळे मिटून शांत बसल्यावर बाहेरून काही येत नसलं तरी दृष्टीची केंद्रं चालूच असतात, त्यामुळे उजेड, रंग, ठिपके दिसतात. त्याला डीएमटी लागत नाही. मात्र उजेड नव्यानं सुरू झाला असेल, डोळे उघडे असतानाही एकाच बाजूला चमकत असेल किंवा पडदा सरकल्यासारखं वाटत असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा असं सांगा. साठीनंतर दृष्टिपटल सुटण्याची ती खूण असू शकते.