नाच म्हणजे निव्वळ करमणूक?

एकाने लिहिलंय, नाच म्हणजे शेवटी करमणूकच. आमच्या तुळजापूरकडं या म्हणावं! लग्न झालं की देवीचा गोंधळ, म्हणजे रात्रभराची नाचगाण्याची पूजा, घालावाच लागतो, नाहीतर म्हातारी माणसं 'देवीचं राहिलंय' म्हणून टोचत राहतात. रात्री धान्याचा चौक भरतात, दिवटी (मशाल) पेटते, कवड्यांची माळ घातलेला गोंधळी संबळाच्या ठेक्यावर गिरक्या घेत 'उदे गं अंबे उदे' म्हणतो. आमच्या घरच्या गोंधळात गुडघे धरून चालणारी माझी आजी पदर खोचून, पेटता पोत हातात घेऊन नाचली. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत, सगळे तिच्या पाया पडले. माळेगावच्या जत्रेतली लावणी म्हणाल तर ती करमणूक, ते मान्य.