शरदबाबू मराठीतून वाचायचेत, सुरुवात कुठून करावी?

धरमपेठ_वाचनकट्टा: आमच्या कट्ट्यावर पुढचे तीन महिने शरच्चंद्र चट्टोपाध्याय घ्यायचं ठरलंय. पंधरा दिवसांतून एकदा दीड तास बसतो. बहुतेकींना 'देवदास' सिनेमामुळेच माहीत आहे. कोणत्या क्रमानं वाचावं? मराठी घ्यावं की हिंदी? आणि या प्रेमकथा शंभर वर्षांनंतरही का वाचल्या जातात?

बर्डीचा_वाचक: ताई, 'देवदास' आधी नको. सिनेमा डोक्यात असला की पारो-चंद्रमुखीची भेट शोधली जाते, आणि कादंबरीत त्या एकमेकींना भेटतच नाहीत. 'परिणीता' (1914) घ्या, एका बैठकीत संपते. साठ रुपये पगाराचा कारकून गुरुचरण, त्याला पाचवी मुलगी झाल्याची बातमी येते, इथून ही प्रेमकथा सुरू होते! त्याची भाची ललिता शेजारच्या शेखरच्या कपाटातून न विचारता पैसे घेते. प्रेमाची कबुली फार पुढे येते, हक्क मात्र तिथंच दिसतो. ललिता शेखरच्या गळ्यात माळ घालते त्या प्रसंगाआधी या जागा मोठ्यानं वाचा.

जुनी_पुस्तकं: मराठीत मामा वरेरकरांचे अनुवाद आहेत. भाषा जुन्या वळणाची असली तरी घरातली बोलणी जिवंत वाटतात. जुनी प्रत घेताना दोन गोष्टी बघा. अनुवाद बंगालीवरून की हिंदीवरून, हे आतल्या पानावर लिहिलंय का? आणि संक्षिप्त आवृत्ती तर नाही ना? शंका आली तर एकच प्रकरण हिंदी प्रतीशी ताडून बघा. परिच्छेद गळले असतील तर लगेच कळतं. 'श्रीकांत'चे चार भाग 1917 ते 1933 या काळात आले, त्यामुळे एकच भाग हाती येऊन फसगत होते. नावांची यादीही आधीच करून ठेवा: राजलक्ष्मी आणि प्यारी बाई एकच, हे लक्षात आलं नाही तर वाचणारा अडकतो. नागपुरातल्या धंतोलीच्या बंगाली घरातून कोणी काकू आल्या तर एक पान मुळातून वाचून घ्या, लय कानावर पडेल.

विदर्भवाचक: 'का' याचं उत्तर त्यांच्या आयुष्यातही सापडतं. जन्म 1876, हुगळी जिल्ह्यातलं देवानंदपूर. बालपणाचा मोठा काळ भागलपूरला आजोळी गेला, पैशाअभावी शिक्षण अर्धवट राहिलं. 1903 ला रंगूनला गेले आणि 1916 पर्यंत तिथं कारकुनी केली. 'बडदिदी' 1907 मध्ये 'भारती' मासिकात आली तेव्हा सुरुवातीला लेखकाचं नाव नव्हतं. हे रवींद्रनाथांचंच लिखाण, असं वाचकांना वाटलं. गरिबीतली लाज आणि मिंधेपण त्यांना आतून ठाऊक होतं. म्हणून त्यांच्याकडे प्रेम अडतं ते जातीवर, कर्जावर, वैधव्यावर. त्यात पुरुष कचरतात. शेखर घ्या, देवदास घ्या. पाऊल उचलतात त्या बायका. रात्री एकटी देवदासच्या खोलीत जाते ती पार्वतीच, म्हणजे पारो. माझ्या मते आजची वाचकही तिथंच थांबते.

क्रम असा ठेवा: परिणीता, बडदिदी, देवदास, मग 'श्रीकांत'चा पहिला भाग. त्याला दोन बैठका द्या. त्यातल्या इंद्रनाथ आणि अन्नदादीदी या पात्रांवरच एक बैठक जाते.

धरमपेठ_वाचनकट्टा: 'परिणीता'च्या मराठी आणि हिंदी दोन्ही प्रती मिळवते, पहिलं प्रकरण ताडूनच वाचायला घेऊ.