अनुभव धागा : नागपुरात रस्त्यावर, मैदानात, सभागृहात भेटलेली कला

बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. महिनाअखेरीस घरात तिकिटाचा विषयच निघत नसे. पण सिव्हिल लाइन्सच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात लोकनृत्यं आहेत असं पेपरात आलं, की मला सायकलच्या दांड्यावर बसवून ते आमच्या महाल वस्तीतून निघायचे. केंद्र १९८६ चं, माझ्यापेक्षा थोडंसंच लहान. छत्तीसगडचं पंथी मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. नाचता नाचता माणसाच्या खांद्यावर माणूस चढून मनोरा झाला आणि मांदर या ढोलासारख्या वाद्याची लय कुठे तुटली नाही. परतताना बाबा काही बोलले नाहीत. घरापर्यंत सायकलची घंटी त्याच ठेक्यात वाजवत आले.

तुम्हाला असं काही मिळालंय का? फुकट किंवा नाममात्र तिकिटाचं, कोणालाही जाता येईल असं. आधी आपल्या वस्तीचं नाव टाका, मग काय पाहिलं, घरी कसे परतलात, काय खटकलं, सगळं लिहा. नुसतं ‘छान होतं’ नको.

जागनाथ बुधवारी : आमच्या मोहल्ल्यात कार्यक्रम पाहाले जात नाही, बनवते. माहा आजा बडगे, म्हणजे बांबू-कागदाचे मोठे पुतळे, बांधे, मग बाबा, आता मी. पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी बांबूच्या कमच्या फोडाले बसतो. मग तरट, कागद, खळ, रंग. यंदा बडग्या कायचा करायचा, महागाईचा का भ्रष्टाचाराचा, यावर रोज रात्री वाद होते अन् त्या वादात पोट्टेही बोलते. मारबत म्हणजे इडा-पीडा घेऊन जाणाऱ्या बाईचा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. तान्ह्या पोळ्याले, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नेहरू पुतळ्यापाशी दोघींची भेट होते तवा पाय ठेवाले जागा राहत नाही. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ हे एवढ्या गळ्यांतून एकदम निघते, अंगावर काटा येते. शिकलेले लोक म्हणते ही परंपरा होय, कला नाही. दहा दिवसांची मेहनत एका दिवसात जळून जाते. पुढच्या वर्षी नवा चेहरा काढाच लागते, जुना पुरत नाही. मले त यापेक्षा मोठी शाळा भेटली नाही.

हिंगणा रोड : एमआयडीसीत फिटर आहे. शिफ्ट सुटली की महापालिकेच्या शाळेच्या व्हरांड्यात तालीम. लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी होती, मी प्रकाशयोजनेला. शेवटच्या प्रवेशात डिमरचा, म्हणजे दिवे कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचा, एक चॅनल गेला आणि नायिका अंधारात बोलत राहिली. ती थांबली नाही, म्हणून मलाही थांबता येईना. विंगेतला दिवा हातानेच वळवून तिच्यावर धरला, प्रवेश संपेपर्यंत. तळहात भाजला, खूण अजून आहे. नंबर आला नाही. पण त्या पाच-सात मिनिटांत मला कळलं की मी आयुष्यभर हेच करणार. खटकतं ते सांगतो : परीक्षक, इतर संघ आणि आमचे नातेवाईक सोडले तर खुर्च्या रिकाम्या. तिकीट तर्री-पोह्यांच्या पैशांत येतं हो! एकदा तरी या.

मानेवाडा, मूळ गाव वडसा : झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, नाटक रात्री सुरू होतं आणि उजाडताना संपतं. बाया पोरांना गोधडीत गुंडाळून आणतात, झोपलेलं पोर लावणीच्या ढोलकीने जागं होतं. मीही तसाच जागा झालेलो आहे. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या काकाजींनी गावात पेढे वाटले, घरचंच लग्न असल्यासारखे. इथे नागपुरात एका सभागृहात झाडीपट्टीचं नाटक दोन तासांत बसवलेलं पाहिलं. नट तेच, जीव तोडून काम केलं त्यांनी. पण गाणी कापलेली आणि ऑर्गनवाला बराच वेळ हात बांधून बसलेला. आमच्याकडे जिथे वन्स मोअरने एक गाणं तीनदा घ्यावं लागतं, तिथे लोक टाळ्या वाजवून घड्याळ पाहत होते. झाडीपट्टी शहरात आणायची तर तिला तिची अख्खी रात्र द्या. कस्तुरचंद पार्कएवढं मैदान आहे आपल्याकडे.

हुडकेश्वर : नाव घेत नाही. मोठा महोत्सव, प्रवेश खुला, वेळ सातची. दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं, पुन्हा सत्कार. साडेनऊला गायिका बसली तेव्हा सासूबाईंचे गुडघे खुर्ची सोसत नव्हते आणि आमच्याकडे त्यानंतर बस नाही. यमनची सुरुवात आम्ही पार्किंगमध्ये उभं राहून ऐकली. सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, ‘अजून थोडं थांबू.’

इंदोरा : १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर माझी आजी होती, आई तिच्या कडेवर. मी दरवर्षी दसऱ्याच्या दोन दिवस आधीपासून तिथे पुस्तकांच्या स्टॉलवर असते. रस्त्याच्या कडेला पेटी-ढोलकी घेऊन बसलेले गायक रात्रभर भीमगीतं गातात. पुढ्यात रुमाल पसरलेला, ऐकणारे जमिनीवर. शहरातल्या सांस्कृतिक कार्यक्रमांच्या यादीत हे कोणी धरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. एका वर्षी मराठवाड्यातून आलेल्या मावशींनी नातीसाठी पुस्तक घेतलं. अक्षरओळख नव्हती. म्हणाल्या, ‘यात बाबासाहेबांचं नाव कुठं हाये ते दाखीव.’ मी दाखवलं. त्या जागेवर बोट ठेवूनच त्या गर्दीत चालू लागल्या.

धरमपेठ : इंदोऱ्याच्या ताई, यंदा दसऱ्याला नक्की येते. आणि बुधवारीच्या दादांना एक विचारायचंय. लेक नऊ वर्षांची आहे, तुमचं बडग्याचं तिला वाचून दाखवलं. ती विचारते, मुली कमच्या बांधतात का? इथेच जन्मूनही मारबत मी स्वतः टीव्हीवरच पाहिली आहे.

जागनाथ बुधवारी : आतापर्यंत त नाही बांधल्या ताई. पण काहून नाही बांधणार? पोळ्याच्या आठ दिवस आधी, संध्याकाळी घेऊन या तिले. जुने कपडे घालून पाठवा, खळ लागते.