अनुभव धागा: नसबंदी म्हटलं की गडी गायब

सांजवारा:
आरोग्य केंद्राच्या भिंतीवर पुरुष नसबंदी पखवाड्याचा फलक लागला आणि पारावर जुनंच सुरू, "गडी कामातून जातो." 1976-77 ची जबरदस्ती म्हातारी माणसं विसरलेली नाहीत, त्या एका वर्षात 62 लाखांच्या आसपास पुरुषांच्या नसबंद्या झाल्या. आणि 2019-21 ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बघा: विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के जणींची स्वतःची नसबंदी झालेली, नवऱ्याची झालीय अशा 0.3 टक्के. हे काम जवळून माहीत असणाऱ्यांनी लिहा. भाषणं नकोत.

बिनटाका:
फोनवरून लिहितोय, चुका पोटात घाला. सुई फक्त भुलीची. मग टोकदार चिमट्याने कातडीला एकच भोक, त्यातून आधी एका बाजूची शुक्राणू वाहून नेणारी नळी, नंतर दुसरीची. सेंटिमीटरभर तुकडा काढून टोकं बांधायची. 15-20 मिनिटं, टाका नाही. नळी ओढताना ओटीपोटात कळ जाते, हे आधीच सांगा. न सांगितलं तर माणूस टेबलावर घाबरतो आणि बाहेर दहा जणांना घाबरवतो. पुरुषी हार्मोन थेट रक्तात जातो, या नळीतून नाही. दाढी, आवाज, ताकद, उभारी जिथल्या तिथे. वीर्यही दिसायला तेवढंच, शुक्राणूंचा वाटा त्यात जेमतेम 2 ते 5 टक्के.

मिरगाचा किडा:
म्हणजे बैलासारखं नाही ना 😂

बिनटाका:
हसू नका, अर्धी भीती तीच आहे. बैल खच्ची करतात तेव्हा वृषणच निकामी होतात. इथं वृषणाला हातही लागत नाही.

पायपीट:
घरात विषय काढला की सासू आधी बोलते, "त्याला शेतात राबायचंय, सुनेचं करा." सुनेची दोन सिझर झालेली असली तरी! नवरा मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो. त्याच्याशी पुरुष कर्मचाऱ्यानेच बोलावं, तेही घरी नाही, सलूनमध्ये नाहीतर डेअरीवर. बायकोची सही लागत नाही, त्याची स्वतःची लागते. लग्न झालेलं, वय 60 च्या आत, एक तरी मूल वर्षाच्या वरचं. बास.

काचपट्टी:
खरा घोळ पुढे आहे. ऑपरेशन झालं की त्याच आठवड्यात मोकळीक समजतात. नळीच्या पुढच्या भागात आधीचे शुक्राणू शिल्लक असतात! 3 महिने निरोध, मग वीर्यतपासणी, शुक्राणू शून्य आले तरच काम फत्ते. पण डबी घेऊन लॅबमध्ये जायची लाज. तपासणी राहते, दुसऱ्या महिन्यात बायकोला दिवस जातात आणि गाव संशय घेतं तिच्यावर. नमुना तासाभरात पोचवा, डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून. बर्फात नको. डबीवर नाव आणि वेळ लिहा.

रानजाई:
वाचून संताप झाला. शेवटी तिनेच ऐकून घ्यायचं.

बिनटाका:
+1. अजून एक, 48 तास विश्रांती आणि घट्ट लंगोट. ओझं, सायकल आठवडाभर बंद. पण घरी बसला तर लोक विचारणार, म्हणून गडी दुसऱ्याच दिवशी पोतं उचलतो. आत रक्त साकळतं, लिंबाएवढी सूज येते, मग "बघा, सांगत होतो ना" सुरू. सूज वाढत गेली, ताप आला, पू दिसला तर लगेच डॉक्टरकडे. हर्निया, अंडवृद्धी असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

मिरगाचा किडा:
लंगोट तालमीतला लाल चालेल का? कोल्हापुरात रग्गड मिळतात

बिनटाका:
गाठ बोचते हो. औषधांच्या दुकानात आधाराचा पट्टा मिळतो, तो घ्या. मापाचा. ढगळ घेतला तर काय उपयोग.

रानजाई:
@पायपीट तुझी अंबाडीच्या भाजीची कृती राहिली हं

पायपीट:
रात्री टाकते गं, भाकऱ्या थापतेय

सांजवारा:
@पायपीट डेअरीवर किती वाजता गाठायचं लोकांना?

पायपीट:
सकाळी संकलनाला. दुधाची फॅट मोजून होईपर्यंत रांगेतून हलत नाहीत.