गच्चीवर कृत्रिम लॉन: परवानगी लागते का?

गच्चीकर: पुण्यात सातव्या मजल्यावर फ्लॅटला जोडून 12 बाय 20 फुटांची उघडी टेरेस आहे. ताबा 2022चा. कृत्रिम लॉन टाकायचंय. विक्रेता म्हणतो, कडेनं खिळे ठोकू, परवानगीबिरवानगी काही नको. खरंय का?

कोबा: नुसतं अंथरणं म्हणजे बांधकाम नव्हे, वर शेड आलं की गोष्ट वेगळी. तरी सोसायटीच्या समितीला लेखी कळवून पोच घ्याच. खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली की पहिलं बोट तुमच्या लॉनकडे जाणार. करारात टेरेस फ्लॅटसोबत दिलीय की सामाईक आहे, तेही बघा. रिफ्यूज एरिया (आगीच्या वेळी आसऱ्यासाठी मोकळी ठेवायची जागा) असेल तर विषयच संपला.

खिळे मात्र अजिबात नकोत. वॉटरप्रूफिंग टाइल्सच्या खाली असतं, खिळ्यानं तेच फुटतं. रेराच्या (स्थावर मालमत्ता कायदा) कलम 14(3)प्रमाणे बांधकामातले दोष ताब्यापासून 5 वर्षं बिल्डरनं दुरुस्त करून द्यायचे असतात. भोकं तुम्ही पाडलीत, तर तो हात वर करायला मोकळा.

निचरा: आधी पाणी जाण्याची जाळी बुजवून टेरेसवर दोन इंच पाणी 48 तास उभं ठेवा. खाली ओल नसेल तरच पुढे.

लॉन थेट टाइल्सवर टाकू नका. लॉनच्या पाठीला पाणी जायला असलेली भोकं फरशीला चिकटतात, पाणी तुंबतं, शेवाळ धरतं. मध्ये 20 मिमीचे ड्रेन सेल, म्हणजे पाणी खालून वाहू देणारे प्लास्टिकचे जाळीदार तुकडे, घाला. जाळीवरचा फूटभराचा चौकोन सुटा कापा, पावसाळ्यात उचलून कचरा काढता येतो. रोल 2 मीटर रुंद येतो: 20 फुटी दोन पट्टे, कडा छाटून 12 फूट बसतात. दोघांची पाती एकाच दिशेला हवीत, नाहीतर दोन वेगळे रंग दिसतात. जोडाखाली टेप आणि पीयू गोंद. भिंतीपाशी अर्धा सेंटिमीटर सोडा. उन्हात लॉन फुगतं.

गच्चीकर: आणि सिलिका वाळू? तीही अंदाजपत्रकात आहे.

कोबा: ती जमिनीवर ठीक. टेरेसवर पहिल्याच वळवात जाळीत जाऊन बसते. मुळाशी कुरळे धागे असलेलं 30 मिमीचं लॉन वाळूविना उभं राहतं. सातव्या मजल्यावर वारा आहे, म्हणून कडांवर कुंड्या.

निचरा: कुंड्यांवरून आठवलं, खरं लॉन करायचा मोह टाळा. चार इंच ओली माती चौरस मीटरला सुमारे 180 किलो भरते. लोकांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस 875मध्ये (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) धरलेला भार 150 किलोच्या आसपास. पण एप्रिलच्या दुपारी कृत्रिम पाती अनवाणी पायाला चटके देतात. मुलं खेळणार असतील तर आधी पाणी मारा.