१९६८ च्या फियाटला पुढे डिस्क ब्रेक बसवावेत का?

धरमपेठ_११००
गाडी फियाट ११०० डी. चारही चाकांना ड्रम ब्रेक (फिरत्या डब्याला आतून शू दाबतात), सिंगल सर्किट मास्टर सिलेंडर (पेडलने ऑइल दाबणारा, चारही चाकांना एकच लाइन), सर्वो म्हणजे पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. माझं मत: ही गाडी रस्त्यावर काढायची असेल तर पुढे डिस्क (उघड्या चकतीला दोन्हीकडून पॅड आवळतात) बसवलेच पाहिजेत. नागपुरात वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर किंवा आउटर रिंग रोडवर समोरची एबीएसवाली गाडी जागच्या जागी थांबते. ताशी ८० किमीवरून ०.७ जीने (जी म्हणजे गुरुत्व त्वरण, आकडा मोठा तितका ब्रेक कडक) थांबायला साधारण ३६ मीटर लागतात, ०.५ जीने ५०. हे १४ मीटर म्हणजे समोरच्याची डिकी.

मूळपणा बिघडतो म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की इटलीत खुद्द फियाटने १९६६ च्या ११०० आरला पुढे डिस्क दिले होते. माझी योजना अशी: छोट्या हॅचबॅकचे रोटर (डिस्कची चकती) आणि कॅलिपर (पॅड आवळणारा भाग), हिंगणा एमआयडीसीत लेझरवर कापलेलं १० मिमी प्लेटचं ब्रॅकेट, मूळ हबवर (चाक बसतं तो भाग) रोटर बसेल असं टर्निंग. स्टब अ‍ॅक्सलला (पुढचं चाक ज्यावर फिरतं तो दांडा) वेल्डिंग अजिबात नाही, सगळं बोल्टवर, म्हणजे उद्या ड्रम परत लावता येतील. कोणाला काय चूक वाटते ते नेमकं सांगा.

लायनर_आणि_लेथ
भाऊ, चूक सुरुवातीलाच आहे. ०.५ जी हा आकडा ड्रमचा नाही, बिघडलेल्या ड्रमचा आहे. चारही ड्रम नीट असतील तर ११०० डी कोरड्या रस्त्यावर चाकं लॉक करते. चाक लॉक झालं की पुढचा हिशोब टायरचा, तिथे डिस्क लावून एक मीटरही कमी होत नाही. टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांच्या वरचा असेल तर पहिला खर्च तिथे.

आता ड्रमचं काम. बहुतेक गाड्यांमध्ये हे अर्धवटच झालेलं राहते:

ड्रम लेथवर घ्यायच्या आधी व्यास चार ठिकाणी मोजा. अंडाकृती असेल तर पेडल पायाखाली धडधडतं. मूळ व्यासापेक्षा साधारण दीड मिमीच्या वर गेलेला ड्रम फेकायचा. पातळ ड्रम लवकर तापतो आणि फाकतो. एका अ‍ॅक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाला आणायचे.

ड्रम मोठा झाला की शूवरचं नवं लायनर (घासणारा थर) त्याच्या गोलाईला जुळत नाही, फक्त मधोमध टेकतं. शूवर खडूच्या आडव्या रेघा मारा, ड्रम चढवून हाताने फिरवा, शू हलकेच टेकवा आणि उतरवून पाहा. रेघा फक्त मधल्या भागातच पुसल्या असतील तर शू ड्रमच्या मापाला घासून घ्यावे लागतील. नव्या लायनरने ब्रेक कमी लागतात ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते, आणि दोष मात्र ड्रमच्या नावावर जातो.

व्हील सिलेंडरला (चाकातला, शू ढकलणारा) आतून खड्डे पडले असतील तर नुसतं रबर सीलचं किट टाकून भागत नाही, पितळी किंवा स्टेनलेसची स्लीव्ह मारून घ्या. तिन्ही रबरी होज बदला, पुढचे दोन आणि मागच्या अ‍ॅक्सलचा एक. जुना होज बाहेरून चांगला दिसतो, आतून फुगलेला असतो. पाय दाबला की ऑइल जातं, सोडल्यावर परत येत नाही, आणि गाडी एका बाजूला ओढते. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असतो, तिथे कंप्रेसरची हवा मारू नका. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

धरमपेठ_११००
हे सगळं मान्य, आणि ते करणारच. पण तुम्ही एका थांबण्याचा हिशोब सांगताय. माणसांसकट गाडी ११०० किलो धरली तर ८० वरून थांबताना सुमारे २७० किलोज्यूल उष्णता होते. त्यातली दोन तृतीयांश पुढे. पुढच्या दोन ड्रमचं लोखंड मिळून १० किलो धरलं तर ते एका दमात साधारण ४० अंशांनी चढतं. एक वेळ ठीक. पण उतारावर, गियरचा आधार धरला नाही तर, दर १०० मीटर उंची उतरताना त्याच्या चौपट उष्णता ब्रेकमध्ये येते. रामटेकच्या गडावरून गर्दीत थांबत थांबत उतरताना ड्रम तापून फाकतो, लायनरची पकड कमी होते आणि पेडल खाली खाली जातं. डिस्क तापली की जाड होते, पॅडच्या जवळच येते, शिवाय उघडी असल्याने लवकर निवते.

वर्धारोडकर
त्यात आपलं मे महिन्याचं ऊन! पारा ४५ च्या वर असताना ब्रेक ऑइल उकळणारच.

दोन_सर्किट
उन्हाने ऑइल उकळत नाही. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे; कोरड्या डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०. खरी अडचण पाण्याची आहे. हे ऑइल हवेतलं बाष्प ओढतं, ते मुरलं की डॉट ३ १४० पर्यंत उतरतं. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिल्यावर हेच होतं. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला. आणि उतार आला की दुसरा गियर, हे डिस्क असो वा ड्रम.

आता मूळ वादाबद्दल. तुम्ही दोघंही चाकाकडे पाहताय, माझी काळजी मास्टर सिलेंडरची आहे. सिंगल सर्किटमध्ये एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, उरला फक्त हँडब्रेक. डिस्क लावूनही ते तसंच राहतं. सुरक्षेसाठी एकच बदल करायचा असेल तर टँडेम मास्टर सिलेंडर, पुढचं सर्किट वेगळं, मागचं वेगळं.

सिलेंडरचा बोअर (आतला व्यास) निवडताना घाई नको. १९ मिमीचं क्षेत्रफळ सुमारे २८४ चौ. मिमी, २२ मिमीचं ३८०. पायाचा जोर तोच ठेवला तर १९ मध्ये दाब एक तृतीयांश जास्त, पण पेडलचा प्रवासही तितकाच जास्त. मूळ बोअर मोजून त्याच्या जवळचं घ्या. पुशरॉडला (पेडलकडून पिस्टन ढकलणारी दांडी) १ मिमीच्या आसपास मोकळीक ठेवा. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, आतलं बारीक भोक झाकलेलं राहतं, तापलेल्या ऑइलला परत जायला वाट नसते आणि पाय न लावता ब्रेक आपोआप आवळत जातात. पाइप पोलादी किंवा तांबे-निकेलचे, ४.७५ मिमी. फ्रिजच्या कामाचा तांब्याचा पाइप कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा, थरथरीने तो फ्लेअरपाशी (जोडाजवळ पसरवलेलं तोंड) चिरतो.

लायनर_आणि_लेथ
टँडेमला माझा विरोध नाही. दिसतही नाही, काढताही येतं. डिस्कला आहे, आणि त्याची कारणं ऐका. ड्रममध्ये लीडिंग (फिरण्याच्या दिशेचा) शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जातो, पायाला फुकटची मदत मिळते. डिस्कला ही मदत नाही. सर्वो नसताना डिस्क लावले तर पेडल दगडासारखं लागतं. मग सर्वो लावायचा, त्याला इनटेक मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम काढायचा, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकायचा. एक बदल तीन मागून आणतो.

दुसरं, किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) आणि व्हील बेअरिंगचा खेळ, म्हणजे ढिलेपणा. रोटर ०.१ मिमीपेक्षा जास्त डगमगला की वळणावर तो पॅडना मागे ढकलतो, आणि पुढच्या वेळी पहिलं पेडल रिकामं जातं. ड्रम एवढा खेळ पोटात घेतो, डिस्क घेत नाही.

दोन_सर्किट
डिस्कच्या योजनेत एक मोठी चूक राहिली. ड्रमच्या मास्टर सिलेंडरमध्ये रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवतो. तोच सिलेंडर डिस्कला जोडला तर पॅड कायम घासतात, २० किमीत रिम हाताला चटका देतो. डिस्कच्या लाइनमध्ये तो नको. सिलेंडर कॅलिपरच्या खालच्या पातळीला असेल तरच २ पीएसआयचा वेगळा टाका, नाहीतर ऑइल मागे उतरतं.

आणि मागचं चाक. ०.७ जीला या गाडीचं जवळपास १५० किलो वजन पुढे सरकतं, मागे एक तृतीयांशच उरतं. दाब वाढला आणि मागचे ड्रम आधी लॉक झाले तर गाडी फिरते. मागच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब मर्यादित ठेवणारा) लावा आणि मोकळ्या रस्त्यावर ३०-४० च्या वेगाने, आधी कोरड्यात, मग ओल्यात, बाहेर एका माणसाला उभं करून पाहा. पुढची चाकं आधी लॉक झाली पाहिजेत.

सदर_गॅरेज
कागदाचं कोणीच बोललं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको, असं आहे. त्यात ब्रेकचा वेगळा उल्लेख नाही, पण मूळ रूप ही अट आहेच. नंबरप्लेटवर व्हिंटेज नोंदणीची व्हीए अक्षरं घ्यायची असतील तर आधी नोंदणी अधिकाऱ्यांना लेखी विचारा, मग कॅलिपर विकत घ्या. आणि अशी नोंदणी घेतल्यावर गाडी रोज चालवायला मनाई आहे.

धरमपेठ_११००
उताराबद्दलचं माझं मत तेच आहे, पुढे डिस्क हवेतच. क्रम मात्र बदलतो: आधी टायर, होज, ड्रम आणि टँडेम. किंगपिन आणि बेअरिंग नवं झाल्यावर डायल गेजने (डगमग मोजणारं घड्याळ) हब मोजणार, ०.१ च्या आत आला तरच ब्रॅकेट कापायला देणार. टँडेममध्ये दोन्ही सर्किटची हवा काढायचा क्रम कोणता?

दोन_सर्किट
आधी सिलेंडर शिकंज्यात धरून बाहेरच ऑइलने भरून घ्या, नाहीतर आत अडकलेला बुडबुडा गाडीवर निघत नाही. मग सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पेडल हळू दाबा, आणि टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. शेवटी इंजिन बंद ठेवून जोरात दोन मिनिटं पाय दाबून धरा. पेडल हळूहळू खाली सरकलं तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टरचा आतला वॉशर दाब सोडतोय. ती गाडी गल्लीच्या बाहेर काढू नका.