ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे
ताई, मुलगी कोल्हापुरात अकरावीला आहे, मानसशास्त्राच्या व्याख्या तोंडपाठ असूनही उदाहरणांत गुण जातात, असं तुम्ही लिहिलंत. बहुतेकांचा घोटाळा मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या ऋण प्रबलनात होतो. 'ऋण' म्हणजे वाईट असं वाटून मुलं त्यालाच शिक्षा म्हणतात. प्रबलन म्हणजे ज्यामुळे एखादं वर्तन वाढतं ते; आणि इथे ऋण म्हणजे फक्त काढून घेणं.

आधी उदाहरणातलं वर्तन अधोरेखित करायला सांगा. मग दोनच प्रश्न: ते वाढलं की घटलं? काही दिलं की काढलं? पट्टा लावताच गाडीतली पीं-पीं थांबते, म्हणून माणूस बसल्याबसल्या पट्टा ओढतो. वर्तन वाढलं, त्रास गेला: ऋण प्रबलन. दाभोळकर कॉर्नरला सिग्नल तोडला, दंड बसला, पुढे तोडणं थांबलं: शिक्षा. व्याख्या परत घोकण्यापेक्षा रोज अशी चार उदाहरणं तिला स्वतः रचू द्या, त्याचा खरंच फायदा होतो.